आईबापाचा मान : पाचव्या आज्ञेचा अभ्यास

वाचनासाठी शास्त्रभाग : निर्गम २०:१२, उत्पत्ति ४६:३१ ते ४७:१२, मार्क ७:९-१३, १ तीमथ्य ५:४-८



२०२० सालच्या नोव्हेंबर महिन्यात लातूर जिल्हा परिषदेच्या सर्वसाधारण सभेने एक ठराव केला. जे कर्मचारी आपल्या म्हाताऱ्या आईवडिलांना सांभाळत नाहीत त्यांच्या पगारातून ३० टक्के रक्कम कापायची आणि ती थेट आईवडिलांच्या बँक खात्यात जमा करायची. २०२१ च्या फेब्रुवारीपर्यंत अशा १२ कर्मचाऱ्यांविरुद्ध तक्रारी आल्या होत्या, आणि त्यांत सहा जण शिक्षक होते. पगार कापला जाऊ लागल्यावर काहींनी आईवडिलांशी समेट केला व त्यांना सांभाळण्याचे कबूल केले, असेही त्या वेळी वर्तमानपत्रांत आले.

ठराव चांगलाच होता. उपाशी आईच्या खात्यात पैसे पडले, तर ते कोणत्या मार्गाने पडले हे ती विचारत बसत नाही. पण मला त्या बातमीतले सहा शिक्षक पुष्कळ दिवस विसरता आले नाहीत. श्रावणबाळाची गोष्ट वर्गात मुलांना सांगणारी ही माणसे. म्हणजे आज्ञा ठाऊक नव्हती असे नाही. ठाऊक असलेली आज्ञा घराच्या उंबऱ्याआत येत नव्हती. आपणही दहा आज्ञा तोंडपाठ म्हणणारे लोक आहोत. म्हणून या तिमाहीच्या पाठासाठी मी हीच आज्ञा घेतली आहे.

१. आज्ञा कोणाला दिली?

दहा आज्ञांतली ही पाचवी आज्ञा आपण बहुधा संडे स्कूलच्या मुलांना शिकवतो. (रोमन कॅथलिक बंधुभगिनी हीच आज्ञा चौथी म्हणून मोजतात.) आईचे ऐका, बाबांना उलट बोलू नका, असा तिचा अर्थ आपण लहानांपुरता करून ठेवला आहे. लहानांनी आज्ञाधारक असावे हे खरेच. पौलाने इफिसकरांस ६:१ मध्ये ते सांगितले आहे, आणि प्रभू येशूही नासरेथात आपल्या आईबापांच्या आज्ञेत राहिला असे लूक २:५१ मध्ये आपण वाचतो. पण सीनाय डोंगरापाशी जे लोक उभे होते त्यांत कर्ती माणसे होती. खून करू नको, व्यभिचार करू नको, चोरी करू नको या आज्ञा ज्यांना दिल्या, त्यांनाच ही आज्ञाही दिली. म्हणजे ज्यांचे आईबाप आता थकले आहेत अशा मोठ्या मुलामुलींना.

शिवाय हे लोक वाटेवर होते. बिऱ्हाड पाठीवर घेऊन चालणाऱ्या समाजात म्हातारे माणूस ओझे वाटू लागते. मिसरातून निघण्याआधीची बोलणी पाहा (निर्गम १०:८-११). फारोने विचारले, कोणकोण जाणार? मोशेने सांगितले की आमचे तरुण जातील आणि आमचे म्हातारेही जातील. फारो फक्त पुरुषांना सोडायला तयार होता. मोशेने ते मानले नाही. म्हाताऱ्यांना मागे ठेवून मिळणारी सुटका देवाच्या लोकांची सुटका नव्हे.

मराठवाड्यात राहणाऱ्याला हा भाग समजावून सांगावा लागत नाही. दसरा-दिवाळी झाली की मुखेड, कंधार, जळकोट या भागांतली कितीतरी गावे आणि तांडे अर्धे रिकामे होतात. मुकादमाकडून उचल घेतलेली जोडपी ऊसतोडीला जातात. मुकादम कोयता मोजतो. एक कोयता म्हणजे नवरा आणि बायको. त्या हिशेबात म्हातारा-म्हातारी कोठेच नसतात. किनवट-माहूरकडून कोणी तेलंगणात मजुरीला जातात, कोणी वीटभट्टीवर. मागे राहतात थकलेली माणसे, शाळेत जाणारी नातवंडे आणि एखादी शेळी. गुडघे धरलेली आजी पहाटे उठून भाकरी थापते, नातवाला शाळेत धाडते आणि चार-पाच महिने घर उघडे ठेवते. मुलगा चैत्रात परत येतो आणि म्हणतो, “माय तर बसूनच असती.” जिला आपण ओझे समजतो तिनेच आपले ओझे उचललेले असते, हे एवढे ओळखणे म्हणजेच मान देण्याची सुरुवात होय.

२. मान म्हणजे वजन

हिब्रू भाषेत या आज्ञेत जे क्रियापद आहे त्याच्या मुळाशी ‘जड असणे’ हा अर्थ आहे. देवाच्या गौरवासाठी जुन्या करारात येणारा ‘काबोद’ हा शब्द त्याच धातूपासून झाला. आपल्या मराठीतही हीच रीत आहे. गावात एखाद्याचे वजन असते, कोणाच्या शब्दाला वजन असते. तेव्हा आईबापाचा मान राखणे म्हणजे त्यांचे वजन कमी होऊ न देणे. याच्या उलट, निर्गम २१:१७ मध्ये आईबापांना शाप देण्याविषयी जो शब्द आहे त्याच्या मुळाशी ‘हलके असणे’ हा अर्थ आहे. आपणही म्हणतोच, अमक्याने बापाला हलके लेखले.

आता कोणत्याही घरात शिरून पाहा. आईबाप हलके कसे होतात? शिवीने क्वचितच होतात. सातबारा मुलांच्या नावावर झाला की बापाला विचारणे थांबते. बी कोणते आणायचे, नातीचे लग्न कोठे जमवायचे, हे आधी ओसरीवर बोलले जाई. आता ते फोनवर ठरते आणि म्हाताऱ्याला शेजाऱ्याकडून कळते. ताट वेळेवर येते, पण ते समोर सरकवले जाते, वाढले जात नाही. तो दहा वर्षांपूर्वीची गोष्ट पुन्हा सांगू लागला की सून दारातून आणि मुलगा मोबाइलातून हूं म्हणतो. पगाराचे ३० टक्के कापून भाकरीची सोय होईल. हे वजन मात्र कोणत्याही कोषागारातून परत मिळत नाही.

आणखी दोन गोष्टी लक्षात ठेवू. लेवीय १९:३ मध्ये हीच शिकवण पुन्हा येते तेव्हा तेथे आईचे नाव आधी आहे, बापाचे नंतर. ज्या घरांत बाप जिवंत असेपर्यंत आईला मान असतो आणि पुढे ती विधवा म्हणून कोपऱ्यात जाते, त्यांनी हे वचन वाचावे. दुसरी गोष्ट मी एक स्त्री म्हणून लिहिते. आज्ञा ‘तू’ असे एकवचनात सांगते. आपल्याकडे आईबापाची सेवा केल्याचे नाव मुलाचे होते, आणि अंथरुणातले कपडे धुणारे हात सुनेचे असतात. तिलाही आईबाप आहेत आणि ही आज्ञा तिलाही आहे. सासूसासऱ्यांचे करणारीला तिच्या आजारी आईकडे आठ दिवस जाऊ न देणारा नवरा अर्धीच आज्ञा पाळत असतो. आपल्या बापाची पाठ आपल्या हाताने धुतल्याने पुरुषाचे काही कमी होत नाही.

३. देवाचे काम ही सबब नव्हे

मार्क ७:९-१३ हा भाग आपणां सेवकांसाठी फार झोंबणारा आहे. प्रभूच्या काळी एक रूढी होती. मुलगा म्हणे, माझ्याकडून तुम्हांला जे मिळाले असते ते ‘कुर्बान’ आहे, म्हणजे देवाला वाहिलेले आहे. एवढे म्हटले की आईबापांसाठी काही करण्यातून तो मोकळा होई, आणि शास्त्री लोक त्याला ते करूही देत नसत. प्रभूने त्यांना ढोंगी म्हटले. देवाच्या नावाने देवाचीच आज्ञा रद्द केली जात होती.

मी ज्या क्षेत्रात काम करते तेथे आपले बंधू गावोगाव फिरतात, उपास करतात, रात्रीच्या प्रार्थनासभा घेतात. त्यांच्याविषयी मला आदर आहे. पण घरी आईच्या डोळ्यात मोतीबिंदू पिकला आहे आणि मुलगा तीन महिने “प्रभूचे काम आहे” म्हणून तिला जिल्ह्याच्या दवाखान्यात नेत नाही, तर ते कुर्बान झाले. दशांश नियमित आहे आणि बापाच्या रक्तदाबाच्या गोळ्या महिन्यातून दहा दिवस नसतात, तर तेही कुर्बानच. पौल १ तीमथ्य ५:४ मध्ये लिहितो की मुलांनी व नातवंडांनी सुभक्ती आधी आपल्या घरी शिकावी. पुढे आठव्या वचनात तो आणखी कठोर होतो : जो आपल्या माणसांची तरतूद करत नाही तो विश्वास न ठेवणाऱ्याहूनही वाईट आहे. जगाच्या तारणाचे काम वधस्तंभावर पुरे होत असताना प्रभूने आपल्या आईची सोय योहानाकडे लावून दिली (योहान १९:२५-२७). त्याच्या कामाहून मोठे काम आपल्यापैकी कोणाकडे आहे?

४. फारोपुढे उभा राहिलेला मेंढपाळ

आता आपल्या शिकलेल्या मुलामुलींसाठी एक धडा. किनवट आणि माहूर तालुक्यांत गोंड, कोलाम, आंध, परधान अशा समाजांची वस्ती आहे. आश्रमशाळेत शिकून, पुढे नांदेडला वा लातूरला वसतिगृहात राहून यांची मुले आज पदवीपर्यंत पोहोचत आहेत. हे देवाचे मोठे उपकार आहेत. पण पाड्यावरून बाप भेटायला आला, धोतर गुडघ्यापर्यंत, खांद्यावर फडके, हातात शेंगांचे गाठोडे, की काही मुले त्याला फाटकाबाहेरच गाठतात. “गावाकडचा माणूस आहे” असे मित्राला सांगितलेले मी ऐकले आहे. आई गोंडी किंवा कोलामी बोलते आणि मुलगा मुद्दाम मराठीत उत्तर देतो.

उत्पत्तीच्या ४६ व्या अध्यायाच्या शेवटी एक वाक्य सहज निसटून जाते. मिसरी लोकांना मेंढपाळांची किळस होती. आणि योसेफ त्या देशात फारोच्या खालोखाल अधिकारी होता. त्याने आपल्या कुटुंबाला गोशेनात ठेवून गुपचूप धान्य पाठवले असते तरी चालले असते. पण तो स्वतः रथ जोडून बापाला सामोरा गेला, त्याच्या गळ्यात पडून रडला, आणि पुढे त्या म्हाताऱ्या मेंढपाळाला हात धरून थेट फारोपुढे उभे केले (४७:७). आणि नवल असे की तेथे फारोने याकोबाला आशीर्वाद दिला नाही. याकोबाने फारोला दिला. शेवटी ४७:१२ सांगते की योसेफाने बापाचे व सगळ्या घराण्याचे पोषण केले. धान्यही दिले आणि दरबारात जागाही दिली. दोन्ही मिळून मान होतो.

तरुण मित्रांनो, तुमच्या बापाला सही येत नसेल. पण कोणत्या झाडाची साल तापाला चालते आणि पाऊस कोणत्या डोंगराकडून येतो हे त्याला येते. त्याला मित्रांसमोर आणा. “हे माझे वडील” एवढे तीन शब्द मोठ्याने म्हणा.

५. आईबाप विश्वासी नसतील तर?

आपल्या मंडळ्यांत हा प्रश्न वारंवार येतो. घरात एकट्यानेच प्रभूला स्वीकारले आहे आणि आईबाप आपल्या पूर्वजांच्या रीतीने चालतात, अशी घरे पुष्कळ आहेत. काही नवे विश्वासी मग घरी जाणेच सोडतात. मत्तय १०:३७ ते यासाठी पुढे करतात. प्रभूवरची प्रीती सर्वांत वर, हे त्या वचनाचे सांगणे खरे आहे. पण आईबापांवर प्रीती करू नये असे ते सांगत नाही. पाचव्या आज्ञेत आईबापांच्या धर्माची अट नाही, त्यांच्या शिक्षणाची नाही, स्वभावाचीही नाही.

पंडिता रमाबाईंचे उदाहरण आपल्या मराठी मंडळीने विसरू नये. त्यांचे वडील अनंतशास्त्री डोंगरे यांनी लोकांचा विरोध सोसून पत्नीला, लक्ष्मीबाईंना, संस्कृत शिकवले, आणि लक्ष्मीबाईंनी ते रमेला शिकवले. १८७४ च्या सुमारास दुष्काळाच्या हालात आधी वडील, मग आई गेली. आईची तिरडी उचलायला माणसे पुरेनात, तेव्हा भाऊ आणि दया येऊन आलेले दोन ब्राह्मण यांच्या जोडीला रमाबाई स्वतः उभ्या राहिल्या. उंची कमी म्हणून त्यांना ती डोक्यावर घ्यावी लागली. १८८३ मध्ये इंग्लंडात त्यांचा बाप्तिस्मा झाला. त्यानंतर चार वर्षांनी, १८८७ मध्ये, उच्चवर्णीय हिंदू स्त्रीच्या स्थितीवर त्यांनी इंग्रजीत पुस्तक लिहिले, आणि ते अर्पण केले आपल्या आईच्या स्मृतीस. आई शेवटपर्यंत हिंदू होती. ख्रिस्ती झाल्याने रमाबाईंच्या दृष्टीने आईचे वजन कमी झाले नाही.

मग व्यवहारात काय करावे? ज्या पूजेत आपल्याला सहभागी होता येत नाही, तेथे नम्रपणे, आधीच, एकट्यात आईबापांना सांगावे. चारचौघांत वाद घालू नये, त्यांच्या देवाला नावे ठेवू नयेत. बाकी सर्व कामाला आपण पुढे असावे : पाहुण्यांना पाणी, लाकूडफाटा, स्वयंपाक, दवाखाना, खर्चातला वाटा. बाप आजारी पडला की सर्वांत आधी पोहोचणारा मुलगा विश्वासी असावा. आपल्या साक्षीला गावात याहून मोठे प्रमाण नाही. आणि “येशूकडे गेला आणि घर सोडून बसला” या बोलण्याएवढे नुकसान दुसऱ्या कशाने होत नाही.

६. मान म्हणजे सगळे सोसणे नव्हे

येथे सावधगिरी हवी. बाप दारू पिऊन आईला मारतो, तर आईला वाचवणे हाच आईचा मान आहे. आणि बापाचा हात धरणे हा त्याचा अपमान नव्हे. त्याला जेवण द्यावे, औषध द्यावे, दारूला पैसे देऊ नयेत. पंधरा वर्षांच्या मुलीचे लग्न ठरवले आणि ती “नाही” म्हणाली, तर ती आज्ञा मोडत नाही. कायद्याने मुलीचे वय १८ आणि मुलाचे २१ पूर्ण हवे, आणि प्रभूमध्ये राहूनच आज्ञा पाळायची असे इफिस ६:१ सांगते. त्याच अध्यायातले चौथे वचन बापांना मुलांची चीड न आणण्याविषयी आहे. आईबापांनो, मानाची आज्ञा मुलांवर मारायची काठी करू नका. एका मुलाला सर्व आणि दुसऱ्याला नुसते शब्द देणाऱ्या बापाचे वजन तो स्वतःच घटवतो.

७. मंडळीने काय करावे

ज्यांना खरोखरच टाकून दिले आहे त्यांच्यासाठी कायदा आहे, आणि तो सांगणे हे आपले काम आहे. आईवडील व ज्येष्ठ नागरिकांच्या निर्वाहाचा व कल्याणाचा कायदा २००७ सालचा आहे. उपविभागीय अधिकाऱ्यांपुढच्या न्यायाधिकरणात साधा अर्ज करता येतो. मुलगा, मुलगी, सज्ञान नातवंडे यांच्याकडून दरमहा १०,००० रुपयांपर्यंत निर्वाह खर्च मिळू शकतो. सांभाळण्याच्या अटीवर नावावर केलेली मालमत्ता, अट मोडल्यास, परत मागता येते. ज्येष्ठांसाठी १४५६७ हा मदतीचा फोन क्रमांक आहे.

निराधार वृद्धांसाठी राज्याची श्रावणबाळ योजना आहे. ६५ वर्षांवरील गरजूंना तिच्यातून दरमहा १,५०० रुपये मिळतात. अर्ज तहसील कार्यालयात करावा लागतो. पण पाड्यावरच्या म्हातारीला खरा अडथळा पुढेच असतो. आधार खात्याशी जोडलेले नसते, कष्टाने झिजलेल्या बोटांचे ठसे मशिनवर उमटत नाहीत, हयातीचा दाखला राहून जातो. अशा वेळी बारावी शिकलेल्या नातवाने एक दिवस एस.टी.ने तिच्याबरोबर किनवटला जाणे, रांगेत तिला सावलीत बसवून आपण उभे राहणे, यालाच मी पाचवी आज्ञा पाळणे म्हणते.

या तिमाहीत प्रत्येक मंडळीने आपल्या गावातल्या साठीपुढच्या माणसांची यादी करावी, विश्वासी असोत वा नसोत. कोणाचा दाखला राहिला आहे, कोणाला चष्मा हवा आहे, ऊसतोडीच्या महिन्यांत कोणाच्या घरी कोणी नाही, हे लिहावे आणि तरुण संघाने घरे वाटून घ्यावीत. मात्र ज्याची मुले गावातच आहेत त्याच्याकडे मंडळीने जाण्याआधी त्या मुलांकडे जावे. मुलांचा वाटा मंडळीने उचलून त्यांना मोकळे करू नये. पौलही १ तीमथ्य ५:१६ मध्ये हेच सांगतो.

चर्चेसाठी प्रश्न

१. गेल्या महिन्यात आपण कोणता निर्णय आईवडिलांना विचारून घेतला?

२. आपल्या घरात वृद्धांची सेवा नेमकी कोणाच्या हातून होते? त्या व्यक्तीला विसावा मिळतो का?

३. आपल्या आयुष्यात ‘कुर्बान’ म्हणून बाजूला ठेवलेले काही आहे का?

४. आईबाप आपल्या विश्वासाचे नसतील, तर या दिवाळीत वा उन्हाळ्यात आपण त्यांच्यासाठी काय करणार?

प्रार्थना

हे स्वर्गीय पित्या, ज्यांनी आम्हांला कडेवर घेतले त्यांचे हात आता थरथरतात. त्यांचे वजन आम्हांला जड वाटू देऊ नको. जे आपल्या मुलांची वाट पाहत दारात बसले आहेत त्यांच्याजवळ तू बस, आणि आम्हांला त्या दाराकडे धाड. येशूच्या नावाने मागतो. आमेन.